मिलिंदनगर जगाला उघडलं

अहमदनगर,
मे १९९९

आदरणीय नितीनदाजींना सम्राटचा मानाचा जयभीम. यशोधराताईची कंबर आणि तुमची स्कूटर, दोन्हींचं दुखणं थांबलं असेल अशी आशा आहे. (ताईची चौकशी आधी केली आहे, हे तिला आवर्जून दाखवा.) इकडे सगळे मजेत आहेत आणि माझे पाय तर जमिनीवरच नाहीत.

कारण आमच्या पाणलोट संस्थेचा जिल्ह्याचा नकाशा मी इंटरनेटवर चढवला. हो, मीच! आजवर तो एसीच्या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये, साहेबांच्या पासवर्डखाली पडून होता. विहिरी, ओढे, रस्ते सगळं त्यात होतं, पण बघणार कोण, तर साहेब आणि फार तर दिल्लीचे पाहुणे. मी त्याचं चित्र करून वेबसाइटवर बसवलं, प्रत्येक गावाच्या हद्दीच्या कोपऱ्यांचे आकडे हातानं टाइप केले, आणि आता कुणीही गावावर क्लिक केलं की त्या गावाची माहिती उघडते. (पहिल्या दिवशी फायलींची अदलाबदल होऊन श्रीगोंद्यावर श्रीरामपूरच्या विहिरी उघडत होत्या. ऐन मे महिन्यात एवढं पाणी बघून आमच्याकडचे एक सरपंच इतके खूश झाले, की चूक दुरुस्त करताना माझाच जीव तुटला.) आणि दाजी, जुन्या नकाशात आपल्या वस्तीच्या जागी नुसतं ‘गावठाणाबाहेर’ असं होतं. तिथं मी ‘मिलिंदनगर’ घातलं. साहेब म्हणाले, आधार काय? मी ग्रामपंचायतीचा ठराव समोर ठेवला. मग त्यांनी चहा मागवला. मला लई अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

त्याच अभिमानात शनिवारी घरी गेलो आणि चारचौघांत सांगितलं, की आता अमेरिकेतून जरी कुणी क्लिक केलं तरी आपली वस्ती उघडणार. आक्काआत्यानं विचारलं, “उघडंल म्हंजी? घरंदारं बी दिसत्याल व्हय?” मी भरात होतो. म्हणालो, सगळं दिसतं. झालं! पुढच्या शनिवारी गेलो तर वस्ती ओळखू येईना. घराघराला चुना, दारात सडा, फाटक्या गोधड्या दोरीवरून गायब, रंगुबाईच्या शेळ्या मागच्या बाजूला. लंकाबाई तर वेशीत उभी राहून सकाळी टमरेल घेऊन निघालेल्यांना, “आरं, जग बघतंय, वळसा घालून जा!” म्हणून हाकलते. आत्या इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसते. आता यांना कोणत्या तोंडानं सांगू, की क्लिक केल्यावर फक्त वस्तीचं नाव, घरांची संख्या आणि बोअरची खोली दिसते?

आपला मेहुणा,
सम्राट

ता. क. : चुना मळायच्या आत रविवारी कॅमेरा घेऊन या. फोटो स्कॅन करून मी नकाशाला जोडतो, म्हणजे माझा शब्द खरा होईल. (चिमीच्या वाढदिवसाला तुम्ही केक पूर्ण घेतला होता आणि माणसं कपाळापासून उडवली होती. या वेळी उलट करा.)

ता. क. २ : तुमच्या हापिसात इंटरनेट आहे ना? तर दाजी, एकदा मिलिंदनगरवर क्लिक करा. दर शनिवारी आत्या विचारते, “ह्या आठवड्यात कोन आलं हुतं रं बघायला?” मी जपान, जर्मनी असं काहीबाही सांगतो. पानावरचा काउंटर मात्र सांगतो, की आजवर एकटा मीच येऊन गेलोय. या शनिवारी तिला सांगू दे, की पुण्याहून जावई आले होते.