निरोगी गटाचा नमुना क्रमांक एक

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या शास्त्रज्ञांच्या डायऱ्या पुढे कामाला येतात.

लॅबमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू. यकृत आणि मूत्रपिंड बिघडायला लागली की रक्तात त्याचा सुगावा किती लवकर लागतो, ते मोजायचं. दोन गट. एक हॉस्पिटलमधल्या यकृताच्या पेशंटांचा, दुसरा धडधाकट माणसांचा. मॅडमनी विचारलं, धडधाकट गटासाठी रक्त कोण देईल? माझा हात सगळ्यात आधी वर. निरोगी माणूस कसा असतो, हे मशीनलाही एकदा कळू दे.

सेक्शन इन्चार्जची जागा रिकामी आहे. चौदा तारखेच्या बैठकीत आकडे झोकात मांडले की ती माझीच. माझ्या शेजारच्या टेबलावरची चष्मिष्टही इच्छुक आहे म्हणे. असू दे बापडी.

४ मार्च, सकाळी
उपाशीपोटी यायचं होतं. आलो. कोपऱ्यावरच्या बेकरीत केकचा एक तुकडा खाल्ला, पण उभ्याउभ्या.

चष्मिष्टने रक्त काढलं. अजिबात घाबरलो नाही. खुर्चीवरून घसरलो, पण ती खुर्चीच तशी आहे.

नळी मशीनमध्ये गरागरा फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर सीरम उरतं. इतरांचं फिकट पिवळं, आरपार दिसणारं. माझं दूध घातल्यासारखं पांढरट. चष्मिष्ट म्हणाली, चरबी आहे. मी म्हणालो, जोम आहे.

४ मार्च, दुपारी
क्रिएटिनिन उत्तम. म्हणजे मूत्रपिंडं ठणठणीत. अपेक्षाच होती.

एसजीपीटी ९६. यकृत धड असेल तर हा आकडा चाळीसच्या आत लागतो. मशीन बिघडलंय.

५ मार्च
उपाशी राहून पुन्हा रक्त दिलं. पुन्हा ९६. बाकीचे निरोगी लोक तिसाच्या आसपास. म्हणजे मशीन फक्त माझ्याच बाबतीत चुकतंय. चमत्कारिक बिघाड.

बायकोला सहज सांगितलं. ती म्हणाली, जिना चढताना तुम्ही दोनदा थांबता, तेही मशीनमुळेच का? तिला विज्ञानात गती नाही. तरी उद्यापासून सकाळी चालायचं. पक्कं.

६ मार्च
चाललो नाही. बूट सापडले नाहीत. सापडले तर लेस नव्हत्या.

पण उपाय सापडला! मशीनमध्ये एक गुणक भरलेला असतो. आतलं मोजमाप त्याने गुणून आकडा बाहेर येतो. तो गुणक एक तृतीयांश केला. माझं एसजीपीटी ३२! अस्सल निरोगी माणूस हाताशी असताना मशीन त्याच्यावरूनच लावायला हवं. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

७ मार्च
किरकोळ कटकट. रोज सकाळी आधी एका तयार बाटलीतलं सीरम लावून मशीन तपासतात. बाटलीवर आकडा छापलेला, ९०. मशीनवर आले ३०. बाटली खराब. दुसरी फोडली. तीही खराब. कंपनीला खरमरीत मेल लिहायची आहे.

निरोगी गटातल्या बाकीच्यांचं एसजीपीटी दहावर आलं. अशक्त असावेत.

१० मार्च, सोमवार
हॉस्पिटलचे नमुने लावले. सगळेच्या सगळे पेशंट नॉर्मल! मॅडम कागद उलटासुलटा करून बघत होत्या. मी म्हणालो, तिथले उपचार चांगले असतील. चष्मिष्ट म्हणाली, बाटल्यांचं काय ते आधी बघू या. मी तिला मोठ्या मनाने समजावलं की सारखी शंका काढणारी माणसं पुढे जात नाहीत.

आनंदाप्रीत्यर्थ कँटीनमधून केक आणला. सगळे कामात होते. मी नव्हतो.

१३ मार्च
आरशासमोर भाषण. कोटाचं बटण लागेना. लाँड्रीवाल्याने कोट आटवला. चालणं बैठकीनंतर.

१४ मार्च, बैठकीनंतर
थोडक्यात लिहितो.

पहिली स्लाइड छान झाली. दुसरीला हॉस्पिटलचे डॉक्टर उठले. म्हणाले, यातल्या एका पेशंटचे डोळे हळदीसारखे पिवळे आहेत, आणि तुमच्या हिशेबाने त्याचं यकृत उत्तम? मी म्हणालो, डोळे आमच्या प्रोजेक्टमध्ये येत नाहीत. कोणी हसलं नाही.

मॅडमनी सगळ्यांसमोर मशीनची सेटिंग्ज उघडायला लावली. गुणक कोणी बदलला, असं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

चष्मिष्टने गुणक जागेवर आणला. बाटली ९०. पेशंट पुन्हा आजारी. मग मॅडम म्हणाल्या, यांचंही ताजं रक्त लावा. १०४.

१७ मार्च, सोमवार
इन्चार्ज चष्मिष्ट. मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. नोकरी राहील, मशीनला हात लावायचा नाही.

चष्मिष्टने माझी नळी निरोगी गटाच्या रॅकमधून उचलली आणि पेशंटांच्या रॅकमध्ये ठेवली. अगदी हळूच. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी तपासलं. यकृतावर चरबी चढली आहे. केक बंद करा, रोज चाला, अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. घाबरलो आहे. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिलं.

घरी आलो तर बायकोने दाराशी बूट काढून ठेवलेले. नव्या लेस ओवून.

संध्याकाळी चालायला निघालो. ताठ, झपाझप, कोपऱ्यापर्यंत. बेकरी सोमवारी बंद असते. परत आलो.