घर बंद

नाशिक रोड,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय सुवर्णाताई,

नमस्कार. आत्याचे गुडघे कसे आहेत? लासलगावची हवा तिला मानवली, असं महेशभाऊजी मागे भेटले तेव्हा म्हणाले. इकडे ठीक. हर्षालीची बदली यंदाही टळली.

तुला हसू येईल, पण सेहेचाळिसाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठातून लोकप्रशासनात एम.ए. करतोय. दुसऱ्या वर्षाला विशेष विषय निवडायचा असतो. ऑफिसातले सगळे मनुष्यबळ व्यवस्थापन घेतात. नोट्स तयार मिळतात, बढतीलाही उपयोग होतो. मी आपत्ती व्यवस्थापनावर खूण केली. हर्षाली म्हणाली, "तलाठ्याला पूर काय पुस्तकातून शिकायचाय?"

अर्जात एक रकाना आहे: हाच विषय का? मी लिहिलं, "पूरक्षेत्रात कामाचा अनुभव." हे खोटं नाही. तरी तीन दिवस अर्ज पाठवता आलेला नाही.

तो अनुभव तुला अर्धाच माहीत आहे.

गोदावरीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आत्याला पाठुंगळी घेऊन शाळेत मीच पोचवलं. चौथ्या दिवशी गावचा तलाठी म्हणून नुकसानीच्या पंचनाम्यालाही मीच होतो. घर बंद असेल तर तसं लिहून पुढे जायचं, असा नियम. लोकांना घरं आम्हीच सोडायला लावली होती, हे त्या छापील नमुन्यात कुठे नव्हतं. म्हणून बाकीच्यांना मी शाळेतून बोलावून कुलपं उघडायला लावली. आत्याला बोलावलं नाही. तलाठ्याने आपल्या आत्याचं घर यादीत धरलं, असं कोणी म्हणू नये म्हणून. "घर बंद" लिहिलं. मागची भिंत पडलेली गल्लीतून दिसत होती.

मदतीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. वरून राहिलं, असं मी तुम्हाला सांगितलं. वरून नाही, ते माझ्याकडून राहिलं. त्या भिंतीपायीच तिला गाव सोडून लेकीकडे, तुझ्याकडे यावं लागलं.

आत्या तेव्हा एवढंच म्हणाली, "आमचा गोरक्ष लय सरळ. इतका सरळ का वाकून घरात पाहत नाय." मी हसण्यावारी नेलं. तिला कळलं होतं का, हे अजून विचारलेलं नाही.

आता रकान्यातली ती ओळ खोडून हे सगळं लिहिलंय. नोकरीला त्रास होईल, असं हर्षालीला वाटतं. मलाही वाटतं. पण मास्तरांपुढे कबुली देणं सोपं आहे, त्यांची भिंत पडलेली नाही. म्हणून अर्जाची प्रत आधी तुला पाठवतोय. आत्याला वाचून दाखव. आपलं नाव असं कागदावर यायला तिने नको म्हटलं, तर अर्ज फाडून मनुष्यबळ घेईन.

मुदत शुक्रवारची आहे. गुरुवारी संध्याकाळी मी लासलगावला येतो. दार बंद असलं तर ओट्यावर थांबेन.

तुझा भाऊ,
गोरक्ष