बाबांचं नाव लहान झालं

शहापूर, रविवार संध्याकाळ

भाची नीताने इंग्रजी अक्षरं मोठी-लहान करणारं छोटं साधन मोबाइलसाठी बनवलंय. "मावशी, ते कसं वापरायचं त्याची माहिती वाच नि समजते का ते खरं सांग," म्हणाली. सोपी वाटली. मग नातवंडांसाठी इंग्रजीत लिहिलेली बाबांची आठवण त्यात घातली. बटण दाबताच बाबांचं नाव, आमचं गाव मुरबाड, सगळं लहान अक्षरांत. दुसरं दाबलं, तर सगळंच मोठं. पूर्वीसारखं होईना. दुसरी प्रत नव्हती.

सांगावं का तिला? वाईट वाटेल. पण फोन केला.

"मूळ मजकूर आधी जपून ठेवा, हे त्या माहितीत लिही गो."

"एवढं कोणाला नाय कळत?"

"मला नाय कळलं."

नीता म्हणाली, "पहिल्याच ओळीत टाकते."

लहानपणी मी कॉन्व्हेंट शाळेतून आल्यावर बाबा माझ्याकडून इंग्रजी अक्षरं शिकायचे. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर किती जपून मोठं काढायचे. आत्ता तेवढं एक अक्षर हाताने परत मोठं केलं. बाकीचं उद्या.