कडीआडची धार

मृत्युपत्र लिहून देणार: साखरबाई कोम गेणू काशीद, वय अंदाजे छप्पन्न, मूळ राहणार काटेवाडी, हल्ली मुक्काम बारामती, धंदा वस्तऱ्यांना धार लावणे.

लेखनिकांनी धंद्यापुढे आधी 'घरकाम' लिहिले होते. ते मी खोडायला लावले आहे. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली, याबद्दल कोणी शंका काढू नये.

मी आज पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी दटावून किंवा फूस लावून इथे आणलेले नाही. उलट मी इथे आहे हे माझ्या माणसांना ठाऊकही नाही. बारामतीच्या नोंदणी कचेरीतले कारकून माझ्या पुतण्याच्या सलूनमध्ये दाढीला येतात, म्हणून डोळे दाखवायला जाते असे सांगून मी इंदापूरला आले. संध्याकाळच्या गाडीने परत जायचे आहे.

कलम पहिले. काटेवाडीचे दोन खणांचे घर, पुढच्या ओट्यासह. दिरांशी वाटणी होऊन ते माझे मालक कै. गेणू यांच्या वाट्याला आले. मालक सात वर्षांपूर्वी वारले. नव्या कायद्याने ते घर आता पुरते माझे आहे, असे वकिलांनी मला समजावले. माझ्या पश्चात ते माझी एकुलती एक मुलगी सारजा, राहणार भवानीनगर, हिला मिळावे. अट एकच. दाराला बाहेरून जी कडी आहे ती तिने पहिल्याच दिवशी उपटून काढावी. चौकट फुटली तरी चालेल.

ती कडी कशासाठी होती हे सारजालाही मी सांगितलेले नाही. इथे सांगते.

मालक गावचे न्हावी. त्यांच्या वडिलांनी पुण्याहून आणलेली धार लावायची पथरी आमच्या लग्नानंतर पाचव्या वर्षी त्यांच्या हातून उंबऱ्यावर पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. तशी दुसरी मिळेना. मालकांनी नदीच्या गोट्यावर वस्तरा घासला. त्या वस्तऱ्याने आप्पासाहेब पाटलांचा गाल कापला. पाटलांनी चारचौघांत वाटीतले पाणी त्यांच्या तोंडावर फेकले. मालक घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

माझ्या माहेरी विळीला धार लावायची ती लोणच्याची बरणी पालथी घालून. मी सतरा वर्षांची होते. मालक झोपले असताना दुपारी मी वस्तरा घेऊन बसले आणि बरणीवर, मग शाळेच्या फुटक्या पाटीवर धार केली. दुसऱ्या दिवशी पाटील मालकांना म्हणाले, "गेणू, तुझ्या बापाच्या हातालाबी ही धार नव्हती."

मालक घरी आले ते हसतच. मी विचारले, "मग सांगितलं का, कुणी लावली ती?"

"मीच लावली म्हनून सांगितलं. बाईनं धार लावलीया म्हनल्यावर कोन मान देईल माझ्या हातात?"

सारजा तेव्हा पोटात होती. तिची शपथ घालून त्यांनी माझे तोंड बंद केले, आणि धार लावताना मला कोणी बघू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून दाराला बाहेरून कडी. पहाटे त्यांच्याबरोबर पाण्याला जायचे, की परत आत. एकतीस वर्षे. मालकांनी मला कधी मारले नाही, हेही लिहावे.

गावाने वेगळाच अर्थ लावला. तरण्या बायकोला नवरा कोंडून ठेवतो तो काय उगीच, असे बायका विहिरीवर बोलत. सारजा सहा महिन्यांची असताना माझी आई नातीला बघायला आली. मालक गावात गेलेले. ती दाराबाहेर बसली, मी आत बसले.

"साखर, खरं सांग. काय केलंस तू?"

"काय न्हाय केलं, आई."

"मग ही कडी का?"

मला शपथ होती. आईने हात लावला असता तर कडी निघाली असती, पण जावयाने लावलेली कडी तिने काढली नाही. मग बाळंतविड्याचे गाठोडे उंबऱ्यापाशी ठेवून गेली. त्याच वर्षी ती वारली. माझ्याबद्दल मनात काय घेऊन गेली, ते मला आजवर कळलेले नाही. या एका गोष्टीची माफी मी मालकांना दिलेली नाही आणि मेल्यावरही देणार नाही.

कलम दुसरे. पुतण्या रामहरी याजबद्दल. मरताना मालकांनी खरे काय ते एकट्या रामहरीला सांगितले, तेही मला पाण्याला पाठवून. तेराव्या दिवशी तो गाडी घेऊन दारात आला. बारामतीच्या त्याच्या सलूनमागे खोली आहे, तेव्हापासून मी तिथे राहते. मधल्या भिंतीत झरोका आहे. त्यातून वस्तरे आत येतात आणि धार होऊन बाहेर जातात. गिऱ्हाइकांना वाटते मागे कोणी कारागीर आहे. रामहरी वाईट नाही. दूध आणतो, सणाला लुगडे घेतो. पण चार दिवस लेकीकडे जाते म्हटले की म्हणतो, "काकी, तुमी गेल्यावर माझ्या तीन खुर्च्या बंद पडतील. हितं तुमाला काय कमी हाय?" त्याने मुंबईहून मागवलेली नवी पथरी त्याचीच आहे, ती त्याने ठेवावी. त्याला ती वापरता येत नाही.

मग परत का जाते, असे वकिलांनी विचारले. सारजाच्या घरी सासू-सासरे धरून नऊ माणसे एका खोलीत आहेत. काटेवाडीच्या घराची किल्ली रामहरीकडे आहे. आणि खरे सांगायचे तर दोन दिवस हाती वस्तरा नसला की मी दिसेल त्या विळीला धार लावत बसते.

कलम तिसरे. माझी बरणी, पाटी, कौलाचा तुकडा आणि पट्टा सारजाला. रीत मात्र कोणा एकीला देत नाही, ती इथे सरकारी कागदावर लिहून ठेवते. खाच पडली असेल तर मंगलोरी कौलावर पाणी घालून वस्तरा घासावा. मग बरणी पालथी घालून, बुडाच्या कडेला जिथे चकाकी नसते तिथे वस्तरा आडवा निजवून, धार पुढे ठेवून ओढावा. पाठ उचलू नये. मग शाळेच्या पाटीवर, पाटीचीच पूड पाण्यात कालवून. आवाज यायचा थांबला की थांबावे. मग बैलाच्या जुन्या पट्ट्यावर एरंडेल आणि उसाच्या पाचटाची वस्त्रगाळ राख लावून उलट्या बाजूने ओढावा. शेवटी तळहात. मनगटावरचा केस न ओढता तुटला, म्हणजे झाले. ज्याला नक्कल हवी त्याने कचेरीतून घ्यावी.

कलम चौथे. काटेवाडीचे घर रामहरीला दिल्याचा एक कागद त्याने गेल्या महिन्यात तयार करून आणला आहे. "काकी, नुसता अंगठा लावा," असे तो रोज जेवताना म्हणतो. मी लावलेला नाही. पुढे कधी तसा कागद निघाला तर तो खोटा समजावा.

हे सर्व मला वाचून दाखवले. ते मी सांगितल्याप्रमाणे आहे.

अंगठा घेताना अडचण आली ती अशी. लेखनिकांनी माझा डावा अंगठा तीनदा शाईत बुडवून कागदावर टेकवला. ते म्हणाले, "बाई, नुसता डाग उमटतोय. रेघाच न्हाईत." ओल्या पुडीत याच अंगठ्याने पाटी दाबून धरत आले, त्यात त्या कधी गेल्या मला कळले नाही. उजव्याच्याही वस्तरा दाबून तशाच गेल्या आहेत. करंगळी कामाला लागत नसे, म्हणून तिचा ठसा घेतला आहे. तो स्पष्ट आला आहे. माझ्या सांगण्यावरून इथे शेवटचे वाक्य वाढवले: ज्या कागदावर साखरबाईच्या अंगठ्याच्या रेघा दिसतील, तो कागद साखरबाईचा नव्हे.

मुक्काम इंदापूर, तारीख १४ मार्च १९५८.

निशाणी डाव्या हाताची करंगळी, साखरबाई कोम गेणू काशीद.

साक्षीदार, आमच्यासमक्ष ठसा केला:
१. मोहनराव बाबूराव बोराटे, राहणार इंदापूर
२. आबासाहेब नाना शिंगाडे, निवृत्त शिक्षक, राहणार इंदापूर