धुता येणारी भिंत

मंगळवार, ११ मार्च. दुपारचे सव्वादोन. औषधाच्या दुकानाची पाटी रंगवतोय. पिवळ्या रंगाचा हात वाळल्याशिवाय अक्षरं काढता येत नाहीत, तेवढ्या वेळात लिहायला बसलोय.

प्रिय दादा,

तू बरा असशील. मी बरा आहे. तुझी ठिपकीही बरी आहे. जेवते, वेळेवर झोपते, बालवाडीला जाते. डाव्या बुटाचा तळ सुटला होता, तो चिकटवून आणला. शनिवारी तू तिला न्यायला येणार, नव्या शाळेत तिची मुलाखत आहे, हे लक्षात आहे. फोनवर तू पुन्हा पुन्हा सांगितलंस.

आणि खोली आवडली का, हेही पुन्हा पुन्हा विचारलंस. मी हो म्हणालो. फोनवर मला भांडता येत नाही. म्हणून हे पत्र. शुद्धलेखन तपासूनच पाकीट बंद करीन, पण राग आहे तसा ठेवणार आहे.

खोली आवडली नाही.

मला न विचारता तू दोन रंगारी पाठवलेस. मी कामावर शिडीवर, ठिपकी बालवाडीत. घरमालकाकडून किल्ली घेऊन त्यांनी चारही भिंती पांढऱ्या करून टाकल्या. वर तुझा फोन: "अरे, आभार मान लेका! ऑइल पेंट आहे, फडकं मारलं की स्वच्छ. काय अवतार केला होता तिने भिंतीचा! मुलाखतीला बसायचंय तिला आणि तू रेघोट्या मारायला शिकवतोस?"

मी काही शिकवलं नाही. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी, मला लहान मुलांतलं काय कळणार? वहिनी गेली आणि तू पोरीला माझ्याकडे ठेवून गेलास, तेव्हा ती चकार शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बोल बोल म्हणून मागे लागू नका. हाताला काहीतरी द्या." माझ्याकडे द्यायला काय होतं? जुने ब्रश आणि पलंगाजवळची भिंत. आधी रोज नुसते काळे फराटे. मीही धास्तावलो होतो. मग एक दिवस मागे न बघताच म्हणाली, "काका, निळा."

डबी उघडताना मी अर्धी सांडली.

त्यानंतर तिचं तोंड बंद होईना. एकदा सात पायांचा घोडा काढला. मी म्हटलं, "अगं, घोड्याला चारच असतात." तर म्हणते, "उभ्या घोड्याला. हा पळतोय." माझ्या पाटीवरचा 'क' बघून म्हणाली, "काका, हा पडणार बघ. याला काठी लाव." दूध निवेपर्यंत दम न धरणारी, कप आदळणारी पोर रंग वाळेपर्यंत थांबायला लागली, आणि हात लावू नको म्हणून मलाच दटावायला लागली. शर्टाची बटणं स्वतः लावू लागली, कात्री नीट धरू लागली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, कुणी रडत असलं की ही खडू नेऊन देते आणि शेजारी बसते. तुला हे सांगायला गेलो की तू म्हणायचास, "ते असू दे. शंभरपर्यंत आकडे येतात का?"

त्या भिंतीवर काय होतं, ते तू एकदाही विचारलं नाहीस. तुला त्रास होईल म्हणून मीही कधी सांगितलं नाही. आता होऊ दे त्रास.

वहिनी होती. कपाटापाशी उभी, पिवळ्या कपड्यांत. तिचा हात तिथून निघून पार पलंगापर्यंत, ठिपकीच्या उशीशी आलेला. मी विचारलं, "एवढा लांब हात कशाला गं?" म्हणाली, "मग पोचणार कसा?" झोपताना ती त्या बोटांवर आपला तळवा ठेवायची.

तू त्या भिंतीवर नव्हतास. दाराजवळ कोरी जागा होती. "बाबा यायचेत," म्हणायची, आणि मला तिथे ब्रश टेकवू द्यायची नाही.

रंगारी येऊन गेले त्या संध्याकाळी ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी भिंत वाळल्यावर निळा घेतला आणि पांढऱ्यावर ब्रश ओढला. तिचे रंग पाण्याचे. ऑइल पेंटवर पाणी ठरतं का? रेघेचे थेंब झाले आणि घरंगळत खाली आले. तिने पुन्हा ओढला. पुन्हा तेच. मग ब्रश धुतला, मी पिळतो तसा बोटांनी पिळला आणि ठेवून दिला.

तेव्हापासून ती बोललेली नाही. बरी आहे असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, खाडाखोड मला बघवत नाही. पण ते खोटं आहे.

आणखी एक. गेल्या खेपेला तू आलास तेव्हा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतास. मी चहा ठेवला होता, तो न घेताच निघालास. दादा, मला वाटतं तू वहिनीला ओळखलं होतंस. ओळखलंस, म्हणूनच रंगारी पाठवलेस. तुला बघवत नव्हतं, हे मला समजतं. पण बघायचं नव्हतं तर तू डोळे मिटायचे होतेस. पोरीची आई का पुसलीस?

शनिवारी बॅग घेऊन येऊ नकोस. मी तिला पाठवणार नाही. बाप तू आहेस, हक्क तुझा आहे, हवं तर चार माणसं घेऊन ये, मी दारात उभा राहीन. मुलाखतीत कुणी नाव विचारलं की ती गप्प बसेल, आणि घरी नेऊन तू तिलाच ओरडशील. माहीत आहेस तू मला.

यायचं तर जुने कपडे घालून ये. मी एक मोठी फळी घासून ठेवली आहे, तिच्यावर पाण्याचा रंग धरतो. ठिपकीशेजारी जमिनीवर बस. हे काय, ते काय, विचारू नकोस. तूच काहीतरी काढ. वहिनी काढ. वाकडीतिकडी येईल, येऊ दे. हात थरथरला तर पोरीला दिसू दे.

तुझ्यावर संतापलेला,
तुझाच धाकटा

हिशेब: रंगाऱ्यांची मजुरी आणि ऑइल पेंटचे तू भरलेले ४,२००. पाकिटात १,५०० ठेवलेत. देणे राहिले २,७००, दोन पाट्यांचे पैसे आले की पाठवतो. तो रंग मला तुझ्याकडून फुकट नको.
ठिपकीसाठी नवे रंग आणले, ३२०. ते मी दिले. झाकणं अजून उघडलेली नाहीत.