तेजाबानं न उतरलेला रंग

परभणी,
माघ वद्य पंचमी, फसली सन १३५४

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. गोदागंगेच्या वाळूत मी तुला काठीनं अक्षरं गिरवायला लावायचो, तेव्हाचा तुझा ‘झ’ अजून तसाच उलटा निघतो. ते बघून हसू आलं. पुढची ओळ मात्र तीनदा वाचली. तू लिहितेस, माहेरच्या मेंढ्यांतली काळ्या तोंडाची खाती-पिती आहे तरी वाळत चाललीय, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट नाही गं.

जनावरांच्या दवाखान्यात मी काय करतो, असं तू नेहमी विचारायचीस. आमचे सलोतरीसाहेब, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आजारी जनावराची लेंडी काचेवर पसरतात. मी तिच्यावर लाल रंग ओततो, खाली दिवा धरून तापवतो, मग वरून तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, सोडतो. बाकी सगळ्या जंतूंचा रंग तेजाबानं धुऊन जातो. एका जातीचा जात नाही. साहेब सांगतात, त्या जंतूच्या अंगाभोवती मेणासारख्या चरबीचं कवच असतं. विलायतेत म्हणे लोक ती चरबी ईथर नावाच्या द्रवात उतरवून तिच्यात काय काय आहे ते शोधायला लागलेत. लोकरीच्या तेलकटपणानं आपल्या घोंगडीवरून पाऊस निथळतो ना, तसं त्याच्यावरून तेजाब निथळतं. औषधाचंही तेच. उन्हानं तो लवकर मरत नाही. तळ्याकाठच्या चिखलात महिनोन्‌महिने पडून राहतो आणि एखाद्या कोकरानं तोंड लावलं की त्याच्या आतड्यात जाऊन बसतो. पुढं वर्ष-दीड वर्ष काहीच दिसत नाही. जनावर चरतं, वितं, आणि मग वाळायला लागतं.

घरचं तुला कुणी कळवलं नसेल. आबांच्या साठ मेंढ्यांतल्या अकरा उरल्यात. आबा मेंढ्यांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणाशी बसून असतात, बाजारालाही जात नाहीत. आई तुझं नाव निघालं की उठून आत जाते.

मागच्या वर्षी तुझ्या बाळाच्या बारशाआधी तीन मेंढ्या वाळून मेल्या होत्या. चौथीच्या लेंड्या मी पुडीत बांधून दवाखान्यात नेल्या. खुर्दबिनीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकात, पाहिलं तर लाल काड्यांचे झुबकेच्या झुबके. साहेब म्हणाले, "या कळपातलं एकही जनावर बाहेर जाता कामा नये." मी घरी येऊन आबांना सांगितलं. ते कोकराचे कान तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "लय शिकलास. तुझ्या काचंत दिसतंय, माझ्या डोळ्याला न्हाई दिसत. लेकीचं पहिलं लेकरू, अन् तिचा बाप येडबा तिच्या सासरी रिकाम्या हातानं जाईल व्हय?" नऊ मेंढ्या निवडल्या त्या मीच, हाकत तुझ्या दारी आणल्या त्याही मीच. तू त्यांच्या पायांवर पाणी घातलंस, कपाळाला हळद लावलीस, आणि मी जेवून, बाळाला मांडीवर खेळवून परत आलो. कळप कमी कसा झाला असं साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, नऊ मानवतच्या खाटकाला विकल्या.

आज सकाळी त्यांना खरं सांगितलं. चष्मा काढून त्यांनी पुसला. मग म्हणाले, "नोकरीचं मागून बघू. तिथल्या तळ्यावर किती कळप उतरतात?" शुक्रवारी ते तुमच्या गावी येतायत. हे पत्र टपालात न टाकता तुमच्या गावावरून गंगाखेडला निघालेल्या माणसाच्या हाती देतोय. पत्र पोचल्या पोचल्या त्या नऊ आणि त्यांची कोकरं वेगळी बांध, तळ्यावर नेऊ देऊ नकोस. इतरांच्या कळपात रोगाचा शिरकाव झाला नसेल असं मला म्हणवत नाही. रोग निघाला की सारं गाव तुझ्याकडं बोट दाखवेल, सुनेनं माहेराहून आणला म्हणेल. म्हणून हे लिहितोय. तुझ्या मालकांना, लिंबाजीरावांना, दाखव, सासूबाईंना ऐकव, वेळ पडली तर चावडीत सगळ्यांसमोर वाच. तुला काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

अजून म्हणवून घेशील तर तुझाच दादा,
भुजंग