चीजचा पाट, हिरव्या बांगड्या

१७ डिसेंबर
मॅडमनी आज फ्रिजमधून पाच प्रकारचं चीज काढून ओट्यावर मांडलं. नाताळच्या दिवशी मुंबईची बारा माणसं बंगल्यावर जेवायला येणार. जेवणाआधी त्यांच्यापुढे चीज आणि फळं ठेवायची. शिजवायचं काही नाही, नुसतं मांडायचं. मला वाटलं, सोपं आहे.
मांडायला लाकडी फळी आणलीय, पाटासारखी. मी म्हटलं, आमच्याकडे ह्याच्यावर बसतात. मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "सुमनताई, पाहुण्यांसमोर असलं बोलू नका हं."
नावं उतरवून घेतली. ब्री. चेडार. गौडा (मला आडनाव वाटलं). एकावर पांढरी बुरशी होती, ती मी मन लावून तासून काढली. ती खायची असते. "शंभरदा सांगितलं तुम्हाला." एकदाही सांगितलं नव्हतं.

१९ डिसें.
फळं ठरली. पेरू, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, वाडीतले चिकू. पपई नको, पाणी सुटतं आणि चीज भिजतं. चिकू मी निवडायचे. नखाने साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर सोडून द्यायचा. हे ह्यांनी शिकवलेलं, ह्याच वाडीत कामाला होते. वाचायलाही ह्यांच्यामुळेच शिकले. चिकूच्या खोक्यात घालायला जुने पेपर यायचे, हे खोकी भरायचे आणि मी अक्षरं लावत बसायचे. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.
मॅडम पाट मांडण्याचा व्हिडिओ काढणार. तोंड नाही, फक्त हात. वनिता तिथेच लादी पुसत होती. आमच्या पाड्यातलीच, रोज माझ्याबरोबर रिक्षाने येते. मॅडमनी तिचे हात बघितले. "नको, नखं बघा हिची." मग माझे. "तुमचे छान आहेत, पण रिकामे दिसतात. हिरव्या बांगड्या घालू. ख्रिसमस म्हणजे लाल-हिरवं. स्ट्रॉबेरी लाल, बांगड्या हिरव्या."
मी म्हटलं, मॅडम, मी तर...
"माहीत आहे मला. आता कोण पाळतं? तुम्ही तर एवढं वाचता."
वाचलंय खरं. एका गावाने ठरवलं, नवरा गेला तरी बांगड्या फोडायच्या नाहीत. ते गाव लांब आहे.
वनिताने बादली जोरात ठेवली.

२० डिसें.
डहाणूच्या बाजारात भरल्या, आठ आणि आठ. माझ्या मापाच्या हिरव्या संपल्या होत्या. कासारणीने साबण लावून एक माप लहान चढवल्या. अंगठ्याचं हाड मोडतंय असं वाटलं. चढवून झाल्यावर विचारते, "मालकांना आवडतील ना?"
मी म्हटलं, हो.
मॅडमनी सांगितलंय, पंचवीसपर्यंत काढायच्या नाहीत. पाहुण्यांसमोरही त्याच हव्यात.
घरी शिरायच्या आधी दोन्ही मनगटांना फडकं गुंडाळलं. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. फडकं चाचपून विचारलं, "हाताला काय झालं?"
भाजलं म्हटलं.
दिव्याजवळचं खोबरेल आणून दिलं. फुंकर घातली फडक्यावरून.

२१ डिसें.
व्हिडिओ झाला. मोठं चीज मधे. सुरीने कापलेलं पंख्यासारखं पसरायचं. द्राक्षांचा घोस अर्धा पाटाबाहेर लोंबता ठेवायचा. रिकामी जागा दिसली की बदाम टाकायचे. चिकू शेवटी, ऐनवेळी. चार वेळा मांडलं, चार वेळा उचललं. "हात हळू. जरा वाजू द्या."
वाजवल्या.
दोन वर्षांत हा आवाज माझ्या हातून आला नव्हता. शेवटच्या आठवड्यात कावीळ इतकी चढली की ह्यांचे डोळे उघडत नव्हते. बांगड्या वाजल्या की म्हणायचे, आलीस का.

२२ डिसें.
मॅडमनी व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. वनिता संध्याकाळी फोन घेऊन आमच्या ओट्यावर. "आजी, सुमनवहिनी फोनमधे आली. ऐका." हात कोणाचे ते तिला ठाऊकच होतं. सासूबाईंना दिसणार नाही म्हणून आवाज वाढवला. सुरी आणि बांगड्या. सुरी आणि बांगड्या.
सासूबाईंनी मान तिरकी करून पूर्ण ऐकलं. "सुमीच ती. दोनदा चिरते, मंग थांबते. मीच शिकवलं तिला भाजी चिरायला."
वनिता मला म्हणाली, "काय वहिनी, नवीन नवरा कोण? चीजवाला का?" दोन बायका हसल्या कुडाबाहेर.
सासूबाईंनी मनगट धरलं, फडकं सोडलं. एक-एक मोजली. सोळा.
"कोनासाठी भरल्यास?"
मॅडमसाठी म्हटलं. खरं तेच होतं, पण कानाला कसंतरीच लागलं.
रात्रीचं ताट सरकवलं. "त्या हाताचं मी खानार नाय."

२३ डिसें.
नाही खाल्लं. वनिताकडून भाकर आली, ती खाल्ली. माझ्यासमोर, सावकाश.

२५ डिसें.
पाट देखणा झाला. सगळ्यांनी फोटो काढले, मग मोडला. अर्ध्या तासात सालं आणि देठ.
एका पाहुणीने माझा हात धरून बांगड्या बघितल्या. "किती सुंदर. यजमान काय करतात तुमचे?"
मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "वाडीतच असतात ते. हे चिकू त्यांनीच उतरवलेत."
पाहुणीने फोड तोंडात टाकली. "त्यांना सांगा, फार गोड आहेत."
सांगते म्हटलं.
नंतर आत आल्यावर मॅडम, "सणाच्या दिवशी कशाला उगाच, हो ना? सगळ्यांचा मूड जातो." उरलेला गौडा कागदात बांधून दिला.
मला राग यायला हवा होता. आला नाही. फोड तोंडात विरघळेपर्यंत ते वाडीत होते, शिडीवर, खोकं खाली. रिक्षात बसल्यावर सांगितलंही त्यांना, मनात.

२६ डिसें.
मॅडमना म्हटलं, निघत नाहीत. फोनवरून नजर न काढता, "मग फोडा ना, काचेच्याच तर आहेत."
घरी साबण लावून बघितलं. नाही निघाल्या. साबण नीट लावला नाही, हेही लिहून ठेवते.
वनिताकडची भाकर बंद. "माझ्या घरी काय खानावळ आहे का, वहिनी? तुमच्या म्हातारीचं तुम्ही बघा." चार दिवसांत कंटाळली. लावून दिलं, आणि कंटाळली.

२७ डिसें.
सासूबाई घेतात तो फक्त काळा चहा, तोही स्वतः चूल पेटवून. बोट भाजून घेतलं. खोबरेल घेऊन गेले तर हात मागे घेतला.
मी नको ते बोलले. "तुम्हीच फोडल्यात ना माझ्या? तुमचा पोरगा गार पण झाला नव्हता. त्याला शेवटी काय ऐकू गेलं असेल?"
चुलीतलं लाकूड मागे ओढलं त्यांनी. मग म्हणाल्या, "तो गेलेला होता."
"तुम्हाला दिसत होतं का?"
हे बोलायला नको होतं. बोलून बरं वाटलं. दोन्ही खरं.

२८ डिसें.
उठताना झोक गेला त्यांचा, मेढीला धरून उभ्या राहिल्या. मी धरायला गेले, बांगड्या वाजल्या, त्यांनी अंग चोरलं.
दुपारी म्हणाल्या, "वरवंटा आन. मागच्या येळी मीच फोडल्या. आता पन मीच फोडते. मंग जेवीन तुझ्या हातचं."
आणला नाही. कामाला गेले नाही.

२९ डिसें.
सकाळी वाडीतून आणून ठेवलेला चिकू खरवडून बघितला. पिकलेला. स्टीलच्या ताटलीत मांडलं. गौड्याचा तुकडा मधे, चिकूच्या चार फोडी पंख्यासारख्या, कडेला पेरू. रिकाम्या जागेत शेंगदाणे, बदाम कुठले. ताटली त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी वरवंटा.
म्हटलं, "आधी खा. मग हात देते."
त्यांनी ताटलीवरून बोटं फिरवली. चीजवरून झटकन काढली. चिकूवर थांबली.
"ह्यो कोनी निवडला?"
"मी. त्यांनी शिकवलाय तसा."
एक हात फोडीवर, एक वरवंट्यावर. दोन्हीतलं काही उचलत नाहीत. चहा केव्हाच गार झाला.
समोर बसून हे लिहितेय. पेन चाललं की बांगड्या वाजतात, आणि प्रत्येक वेळी त्या मान वर करतात, दाराकडे नाही, खाटेकडे, जिथे हे झोपायचे.